ऑक्टोबरात न आलेला वटवट्या

सकाळी कळंबा तलावावर पक्षी बघायला जमणाऱ्या आमच्या चार टाळक्यांत मला ‘हवामान खातं’ म्हणतात. चिडवायला म्हणतात, पण पक्षी कधी येणार ते विचारतात मलाच. माझं सांगणं बहुतेक वेळा बरोबर निघतं, त्यामुळे रुबाब टिकून आहे.

त्यात जादू काही नाही. नैऋत्येचा वारा पडला, आभाळ निवळलं आणि उत्तरेकडून कोरडी हवा सुरू झाली की रात्रीतून पक्षी खाली येतात. वारा पाठीशी घेऊन उडायचं सोडून पावसात तोंड घालायला ते काही माणसं नाहीत. दुपारचा चटका वाढला, पहाटे धुकं धरायला लागलं, की धोबी पक्षी काठावर शेपटी हलवत हजर होतो.

गेल्या वर्षी परतीचा पाऊस हलेचना. दसरा झाला तरी रोज दुपारी आभाळ भरून यायचं आणि संध्याकाळी धो धो कोसळायचं. ऊस आडवा झाला. तलाव काठोकाठ भरलेला. चिखल उघडाच पडला नाही, तर त्यात चोच खुपसणारा तुतवार बसणार कुठे? मिरजेहून दोघंजण पक्षी बघायला येणार होते. त्यांना मी फोनवर सांगितलं, “पावणं, एवढ्यात येऊ नका. अजून कोण आलं न्हाय.”

हे मी सांगत होतो ते हिरवट वटवट्याच्या भरवशावर. अंगठ्याएवढा पक्षी, पानाच्या रंगाचा, पार हिमालयाकडून येतो. पावसाने झाडं गच्च झालेली असताना तो दिसणं मुश्कील. ‘चिवी’ असा बारीक, टोकदार आवाज काढतो, तेवढ्यावर ओळखायचा. दरवर्षी परसातल्या करंजावर तो ऐकला की मी ग्रुपवर ‘आला’ म्हणून टाकतो आणि मग बाकीचे दुर्बिणी पुसायला घेतात. आमच्यातल्या एकाने त्या वर्षी माझ्याआधीच टाकलं, “आमच्या आंब्यावर बोलतोय.” मी त्याला उडवून लावलं. म्हटलं, इथलाच शिंजीर पक्षी असेल, नीट ऐक जरा.

पुढच्या रविवारी चहा घेताना बायकोलाही मी तेच ऐकवलं. “या पावसानं वटवट्याला वाटेतच अडवलंय.”

ती परसात कपडे वाळत घालत होती. हात थांबवून माझ्याकडे बघत म्हणाली, “कुठला? त्यो चिवी चिवी करणारा? आठवडा झाला की, करंजावर वरडतोय. आत्ता बी वरडतोय, ऐका की!”

मला वाटलं, थट्टा करतेय. तरी दुर्बीण आणली. तिने दाखवलेल्या फांदीवर खरंच तो होता, पानाआड किडे टिपत. मध्येच थांबायचा, चोच उघडायचा, मिटायचा. मला रस्त्यावरची रिक्षा ऐकू येत होती, शेजारचा मिक्सर ऐकू येत होता. करंजातून काहीच येत नव्हतं.

“आता वरडला?” मी विचारलं.

“व्हय.”

“आता?”

“आता बी.”

मी घाबरलो. आजवर मी पक्षी डोळ्यांपेक्षा कानांनीच जास्त बघितलेत. पाऊस, वारा, ढग, सगळ्यांवर खापर फोडून झालं होतं आणि पक्षी बिचारा वेळेवर येऊन माझ्याच परसात ओरडत बसला होता.

बायकोच्या ते लक्षात आलं. एरवी तिने मला सोडलं नसतं, त्या दिवशी हसलीसुद्धा नाही. ओला टॉवेल तसाच खांद्यावर टाकून जवळ आली.

“कवापास्नं ऐकू येत न्हाय तुमास्नी?”

मलाच कुठे माहीत होतं?

“बरं, आणि ते केळीवर सकाळचं बारकं येतंय, लई किरकिरतंय बघा, ते तरी येतंय न्हवं ऐकू?”

“ते कुठलं?” मी विचारलं.