पाच वेळा उचल, मग बस

तुमच्या घरातली बाई दिवसभरात किती वजन उचलते, हे तिला कधी विचारलंय का?

माझी आई कारेगावला एका कँटीनमध्ये भात रांधायची. न्हाणीत घसरून तिचं उजवं मनगट मोडलं, आणि ठेकेदाराने निरोप पाठवला : भाताचं पातेलं एकटीला उचलता येत असेल तरच परत या. घर तिच्याच पगारावर चालायचं. मी तेव्हा घरून ये-जा करून दौंडला कॉलेजात शिकत होतो. ठेकेदारी, समान वेतन, बाईचे श्रम, सगळी पत्रकं मला तोंडपाठ. मी पेटलोच.

"त्याच्यावर पत्रकच काढतो."

"काढ की. पन आदी माझ्या हातात जोर आन. रोज जातूस न्हवं त्या जिममदी?"

प्लास्टर निघाल्यावर शिरूरच्या डॉक्टरांनी हळूहळू वजन उचलायला सांगितलं होतं. आई पाण्याने भरलेला तांब्या रोज शंभरदा उचलायची. पुढे दीडशेदा उचलू लागली. तरी भरलेली कळशी काही तिला हलवेना.

मी तिला समजावलं. शंभरदा उचलता येतं ते वजन आता हलकं झालं. त्याने दम वाढेल, जोर नाही. जोर हवा तर असं वजन घ्यायचं, की पाचदा नीट उचलता येईल आणि सहाव्यांदा जमेल की नाही अशी शंका वाटेल. पाच-पाचचे तीन सेट. दोन सेटच्या मध्ये तीन मिनिटं बसायचं. एक दिवस व्यायाम, एक दिवस सुट्टी. तिन्ही सेट सहज जमले, की वजन थोडंसं वाढवायचं.

तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये वाळू भरली. उचलणं तिला जमत गेलं. जमेना ते बसणं. पहिला सेट संपला, की हातात झाडू.

"आई, बस ना."

"बसलीच हाय की."

"उभी आहेस तू!"

"तीन मिन्टं नुसती बसून काय करू रं? देवळातली मूर्ती हाय का मी?"

शेवटी तिला बसवून ठेवायला मी पत्रकं वाचून दाखवू लागलो. एकदा कामगारांच्या विश्रांतीच्या हक्कावरचं निघालं. मी जोशात, सभेत वाचावं तसं वाचत होतो.

"कामगार म्हंजी कोन रं?" तिने मधेच विचारलं.

"म्हणजे... तूच की."

"मग हळू वाच. कामगाराचा डोळा लागाय लागलाय."

आणि खरंच भिंतीला टेकून ती झोपली. हात मांडीवर, तळवा उघडा. प्लास्टरमधून निघालेला तो हात अजून दुसऱ्यापेक्षा गोरा आणि बारीक दिसत होता. दिवसाउजेडी झोपलेली आई मी पहिल्यांदाच बघत होतो. दुसरा सेट राहू दिला. आवाज न करता उरलेलं झाडून घेतलं.

कॅन काठोकाठ भरला, तेव्हा आम्ही कँटीनला गेलो. ठेकेदाराने पातेल्यात पाणी भरायला लावलं. आईने दोन्ही कडा धरल्या, श्वास घेतला आणि पातेलं शेगडीवरून कट्ट्यावर ठेवलं. पाणीसुद्धा सांडलं नाही.

"या मग उद्यापासून, मावशी."

"येते. पन रोज पातेलं आमी दोघी-दोघी बाया मिळून उतरवनार. मला येत न्हाई म्हनून न्हवं. येतंय, ते आत्ता तुमी बघितलं."

पोळ्या लाटणाऱ्या बायांचे हात थांबले. त्यांतली एक म्हणाली, "व्हय, दोघींनीच." ठेकेदाराने सगळ्यांकडे एकवार पाहिलं. "बरं," म्हणाला.

तुम्ही कोणत्या पक्षाचे, कोणत्या जातीचे, मला त्याच्याशी देणंघेणं नाही. मागणं एवढंच आहे. तुमच्या घरात ज्या बाईचा हात, खांदा नाहीतर कंबर दुखतेय, तिला आज तीन मिनिटं बसवा. तेवढ्या वेळात तिच्याकडे पाणी मागू नका. दाराची कडी वाजली, तर तुम्ही उठा.