मास्तरांना हीव भरायचं

आमच्या शाळेत मास्तर एकच होते आणि त्यांना दिवसाआड हीव भरायचं.

बोदलकशाच्या तलावाखालचं आमचं गाव. पाऊस सरला की घरोघरी कोणी ना कोणी कुडकुडत पडलेलं असायचं, त्यामुळे आम्हाला त्याचं नवल नव्हतं. मास्तर वर्ध्याकडून आलेले. एकटेच शाळेमागच्या खोलीत राहायचे. हीव भरलं की ते खुर्चीतून उठून कोपऱ्यातल्या तट्ट्यावर आडवे व्हायचे, घोंगडं डोक्यावरून ओढायचे आणि आतूनच म्हणायचे, "चालू द्या." आम्ही पाढे चालू ठेवायचो. आवाज थांबला की घोंगडं हलायचं. म्हणून थांबायचं नाही, एवढं शाळेत आम्ही सगळ्यांत आधी शिकलो.

मी तिसरीत होते. तिसरीत मुलगी म्हणून मी एकटीच. कडेवर माझा लहान भाऊ असायचा, कारण माय उजाडायच्या आत बांधीवर धान कापायला जायची. एका हातानं त्याला धरायचं आणि दुसऱ्या हातानं लिहायचं. तो पाटी चाटायचा, लिहिलेलं पुसून जायचं, मी पुन्हा लिहायची. दुपारपर्यंत खांदा भरून यायचा. घरी गेलं की भांडी, शेण, पाणी. अक्षरं म्हटली की मला अजून आधी तो दुखरा खांदा आठवतो.

मास्तर बरे असले की बिगारीच्या, म्हणजे पहिलीच्याही आधीच्या, पोरांना शिकवायचे. सगळ्यात जास्त त्यांना दमवलं ते 'ळ'नं. आमच्या तोंडात तो नव्हताच. मास्तर तक्त्यावर बोट ठेवून म्हणायचे, "कमळ." पोरं एका सुरात ओरडायची, "कमर!"

"कमर नाही रे. कमळ. जीभ मागे वळवा."

"कमर!"

मास्तर डोळे मिटून घ्यायचे. एकदा मला म्हणाले, "तू तरी म्हण." मी म्हटलं. पहिल्यांदाच नीट आलं. तेव्हापासून ताप असला की लहान्यांना ते माझ्याकडे सोपवायचे. मीही काही फार मोठी नव्हते. पण त्यांच्याजवळ दुसरं कोणी नव्हतं.

शाळा तपासायला डिप्टी साहेब आले तो दिवस हिवाचाच निघाला. सकाळी मास्तरांनी तापावरचं कोयनेल घेतलं, किराइताचा काढा प्यायले, भिंतीवरची इंग्रज बादशहाची तसबीर पुसली आणि खुर्चीत ताठ बसून राहिले. उन्हं वर आली तशी त्यांचे दात वाजायला लागले. पोरं मोजकीच होती, बाकीची बांध्यांवर लोंब्या वेचायला गेलेली. शेवटी मास्तर उठले आणि मला म्हणाले, "बाई, साहेब आले की मला उठव."

ते आडवे झाले आणि बाहेर साहेबांची बैलांची दमणी थांबली.

मी घोंगडं हलवलं. मास्तर कण्हले, पण उठले नाहीत. अंग तव्यासारखं तापलं होतं. साहेब दारात उभे होते, डोक्यावर टोपी, बुटांना चिखल.

"मास्तर कुठे आहेत?"

"निजून आहेत जी."

"शाळेच्या वेळी?"

"हीव भरलं त्याईले. आता ताप चढून राहिला."

"मग शिकवतं कोण?"

बिगारीतला सगळ्यांत धाकटा पोरगा ओरडला, "हे बाई शिकवून राहिली जी!"

साहेब आत आले. कोपऱ्यात वाकले, घोंगडं बाजूला करून मास्तरांच्या कपाळाला हात लावला आणि तो हात तसाच काही वेळ ठेवला. मग ते मास्तरांच्या खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "चालू द्या."

मी भावाला खाली ठेवलं. तो रडायला लागला, पुन्हा उचललं. तक्त्यावर बोट ठेवलं. पोरांनी आपलं "कमर" म्हटलं. साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. हसले की काय, कळलं नाही. मग पावकीचा पाढा ऐकला, दोघांकडून अक्षरं काढून घेतली, मला धडा वाचायला लावला. जाताना दमणीवाल्याला हिंदीत म्हणाले, "ये आदमी यहाँ मर जाएगा."

आम्हाला वाटलं, आपण मास्तरांना वाचवलं. घरी जाऊन मी मायला सगळं सांगितलं. ती धानाचे कडपे वाहून आलेली, पाय लांब करून भिंतीला टेकून बसलेली. म्हणाली, "बरं केलं." आणि बसल्या जागी झोपली.

पंधरवड्यानं मास्तरांची बदली झाली, गोंदियाजवळ, जिथे दवाखाना होता तिथे. साहेबांनी भलंच केलं होतं. पण मास्तरांच्या जागी यायला कोणी तयार नव्हतं. तापाचं गाव म्हणून आमचं नाव झालेलं.

जायच्या दिवशी आम्ही दमणीजवळ जमलो. मास्तर वाळून गेले होते. जाताना काही सांगतील म्हणून आम्ही उभे होतो. ते मला एवढंच म्हणाले, "बिगारीतल्या त्या धाकट्याचा 'ग' उलटा पडतो. तेवढं बघ." आणि दमणीत टेकून त्यांनी डोळे मिटले.

शाळा बंद पडली तसा तो पोरगा बकऱ्यांमागे जायला लागला होता. मी त्याला तलावाच्या पाळीवर गाठलं, धुळीत 'ग' काढून दाखवला. त्यानं काढला, उलटाच. पुन्हा दाखवला, पुन्हा उलटा.

"उलटा नको, सरका काढ ना!"

"काऊन? शारा तं बंद हाये."

मी त्याच्याजवळ बसून राहिले. बकऱ्या पुढे गेल्या तसा तो उठून गेला.

नवे मास्तर आले ते होळीनंतर. मी भावाला घेऊन दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी विचारलं, "कितवीत आहेस?"

"तिसरीत होती जी."

"मग बस ना आत."

आत बिगारीची नवीच पोरं होती, मला ओळखणारं एखाददुसरं. बाहेरून मायची हाक आली. मोहफुलं वेचायचा हंगाम, टोपली घेऊन ती रस्त्यात थांबली होती. म्हणाली, "चाल वं बाई, ऊन होऊन राहिलं." तिच्या आवाजात राग नव्हता, जोरही नव्हता.

मी मास्तरांना म्हटलं, "उद्या येतो जी." आणि तिच्या मागं निघाले. उद्या काही जमलं नाही. मग माझं लग्नच ठरलं.