अभिजितशेजारचा तारा आणि आमच्या तीन चिठ्ठ्या

असे किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. आम्ही तिघं: रिटायर विज्ञान शिक्षक पाटील सर, बहादरपुरचे केळीवाले वसंताभाऊ आणि पेपर मिलमधला मी. वसंताभाऊंच्या शेतातल्या मोटरखोलीच्या छतावर बसून आम्ही अभिजितशेजारचा एक तारा बघतो. खरं तर ते दोन तारे आहेत. दर तेरा दिवसांनी एक दुसऱ्याला झाकतो आणि उजेड कमी होतो. किती कमी, ते बाजूच्या ताऱ्याशी ताडून चिठ्ठीवर लिहायचं, एकमेकांकडे पाठ करून, आणि चिठ्ठी डब्यात टाकायची. जे दिसलं नाही ते लिहायचं नाही, हा सरांचा नियम.

*

सर म्हणाले, "हलका तारा आपला वायू जड ताऱ्यावर ओततो. त्या वायूची चकती होते आणि जड ताराच तिच्यात लपतो."

वसंताभाऊ स्वतः चांगले जाडजूड. म्हणाले, "यानी जो मोटा, तोच दिसत नाही? मग मी कुठं लपू, सर?"

मला अजून ती चकती नीट कळलेली नाही.

*

दोन महिने वसंताभाऊंची चिठ्ठी एकच: "फरक नाही." शेवटी कळलं, ते भलताच तारा बघत होते.

"माझा तारा शांत आहे," ते म्हणाले. "कुणाच्या भानगडीत पडत नाही."

*

मग सरांना मोतीबिंदू झाला. ऑपरेशनला घाबरतात, हो. एक दिवस म्हणाले, "या खेपेचं ग्रहण मला दिसलं नाही, तर वही तुमची." वीस वर्षांच्या नोंदींची वही ती.

त्या रात्री तारा चक्क मंद होता. सरांना काही तो फरक दिसणार नाही, ते "फरक नाही" लिहिणार, असं धरून, ते एकटे पडू नयेत म्हणून मीही तेच लिहिलं. डबा उघडला. वसंताभाऊंचीही चिठ्ठी तीच. मला न विचारता!

सरांची चिठ्ठी: "बराच मंद."

सरांनी तिन्ही चिठ्ठ्या पुन्हा डब्यात टाकल्या. मग म्हणाले, "वही माझ्याकडेच राहू दे. तुम्ही दोघं उद्या डोळे दाखवायला चला."

नाही कसं म्हणणार? गेलो. डॉक्टर म्हणाले, दोघांचेही डोळे ठणठणीत आहेत.

बाहेर बाकावर सर गोंधळून बसले. "मग काल बघत काय होतात?"

सरांनी समोरच्या भिंतीकडे बोट केलं.

"बरं, त्या घड्याळात किती वाजले बघा."

भिंतीवर कॅलेंडर होतं.

"साडेअकरा, सर," वसंताभाऊ म्हणाले.