सिस्टरांचा ओके

आमच्याकडे ओके या शब्दाला काडीची किंमत राहिलेली नाही. फोन ठेवताना ओके, भाजी कशी झालीय तर ओके, बायको रुसली की ‘ओके, तुमचं चालू द्या.’ उचलली जीभ लावली टाळ्याला! ऑपरेशन थिएटरमधल्या आमच्या सिस्टर मात्र हा शब्द हात राखून वापरत. वीसेक वर्षं त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. घरीही तीच तऱ्हा. मुलाने ‘पोचलो’ असा मेसेज टाकला तर या ‘वाचलं’ लिहिणार. त्यांचे यजमान म्हणायचे, “लग्नाला तीस वर्षं झाली, डॉक्टर, मला अजून ओके मिळालेला नाही.”

रक्त टिपायला पोटात जी कापडी घडी घालतात, तिला आम्ही मॉप म्हणतो. सुरुवातीला दिलेले मॉप टाक्यांआधी पुन्हा मोजायचे आणि आकडा जुळला की ओके म्हणायचं, हे सिस्टरांचं काम. एखादा आत राहिला तर पू होतो, माणूस दगावतोसुद्धा.

एका दुपारी एका तरुण सुताराचं आतड्याचं ऑपरेशन चार तास लांबलं. माझे पाय भरून आले होते. मी सुई मागितली, तर सिस्टर देईनात.

“वीस दिले होते, सर. एकोणीस आलेत.”

“परत मोजा.”

“दोनदा मोजले. बादलीही पाहिली.”

“पोट मी नीट बघितलंय. ओके म्हणा आणि संपवा.”

“नाही म्हणणार, सर.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळ्यांसमोर नको ते बोललो. बाई ढिम्म हलल्या नाहीत. शेवटी, खरं सांगतो, त्यांना खोटं पाडायला म्हणूनच मी पुन्हा पोटात हात घातला. यकृताच्या मागे काहीतरी मऊ लागलं. रक्ताने भिजलेला तो विसावा मॉप होता. जीव भांड्यात पडला.

“ओके, सर,” सिस्टर नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या. मी माफी मागायला लागलो, तर म्हणाल्या, “आधी टाके घाला.”

बाहेर सुताराच्या आईने माझेच हात कपाळाला लावले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गेल्या वर्षी माझंच पित्ताशय काढायचं ठरलं. सर्जन कोण हवा, असं मुलीने विचारलं.

“कुणीही चालेल,” मी म्हटलं. “सिस्टर मात्र त्याच पाहिजेत.”