अक्काला माहेरी नेणारे दाजी

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, गाडीला चावी लावायच्या आधी बॉनेट उघडून आत बघायचे. पलीकडच्या आळीतून पीठ आणायचं असलं तरीही. आधी पाणी बघायचं, मग ऑईलची पट्टी पुसायची, आणि मग पाळण्यात वाकून बघावं तसं उगीच थोडा वेळ उभं राहायचं. "मानूस घराबाहेर निघाला की जेवलास का इचारतो ना आपन," म्हणायचे, "मग हिला नको इचारायला?" देवळाली प्रवरातले शेजारी चेष्टा करायचे. एक जण म्हणाला, दाजी, एकदा चहा पाजा तिला. "तिला पानी लागतंय," दाजी म्हणाले, "चहा तू पाज मला." आणि खरंच त्याच्या ओट्यावर जाऊन बसले.

घाई म्हणून नाही. नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, गाडीवान ओरडतायत, पण काटा पुरता थांबल्याशिवाय दाजी आकडा सांगायचे नाहीत. अक्का म्हणायची, ह्यांची भाकरी जेवता जेवता शिळी होते. थंडीत त्यांच्या अंगणात बसलं की कारखान्याचा तो मळीचा गोडसर वास, कोवळं ऊन, दाजींचं संथ बोलणं, सगळं एकमेकांत मिसळून जायचं आणि दुपार कधी कलली ते कळायचं नाही. मला अजून ते अंगण स्वप्नात दिसतं. तिथे कायम ऊनच असतं.

मग अक्का विसरायला लागली. आधी डबे, मग वार, मग नातवंडांची नावं. एवढं एकच धरून बसली होती, की मला संगमनेरला न्या. संगमनेर म्हणजे आमचं माहेर, आता मी राहते ते घर. गेल्या हिवाळ्यात दाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, महिनाभर त्यांनी गाडीला हात लावला नाही. डॉक्टरांनी मोकळं केलं त्याच दिवशी त्यांचा फोन. "शकू, हे बी ती इसरायच्या आत तिला आनून सोडायची हाय. तू ये, मागं तिच्याजवळ बस."

मी गेले. अक्का ठेवणीतलं पातळ नेसून पायरीवर बसलेली. दाजींनी आतला खटका ओढला, पण बॉनेट काही उघडेना. पुन्हा ओढला. नाहीच. मी म्हटलं, एक दिवस नाही बघितलं तर काय होतंय, चला तसेच. ते म्हणाले, "वाटंत तापली तर हिला घेऊन उन्हात कुठं बसू?" गॅरेजवाल्याला विचारलं तर तो म्हणे, पुढची जाळी कापावी लागेल, उद्या येतो. आता उद्या अक्काला संगमनेर आठवेल, याची खात्री कुणी द्यायची?

शेवटी आम्हीच लागलो कामाला. दाजी आत बसून खटका ओढून धरणार आणि मी बॉनेटच्या पुढच्या कडेवर, बरोबर मधोमध, तळहातानं दाबायचं. "हानू नको गं. दाब आन् सोड. कनीक मळतीस तसं." मी दाबते, सोडते, पुन्हा दाबते. घाम फुटला बाई. पायरीवरून अक्का म्हणाली, ह्या बाईला मळायला कुणी शिकवलं न्हाई वाटतं. आम्ही दोघं हसायला लागलो आणि त्या हसण्यातच हाताखाली टक् झालं. बॉनेट बोटभर वर आलं.

आत बघतो तर लॉकवर लाल-पिवळा थर. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, आणि त्यावर ओतलेल्या पाण्यानं स्प्रिंग गंजलेली. त्या महिनाभरात अक्का रोज सकाळी तबक घेऊन बाहेर जायची. दाजींना वाटायचं, तुळशीला जाते. "रोज दसरा केला हिनं," दाजी हळूच म्हणाले. मग रॉकेलमध्ये जुना ब्रश बुडवून घासत बसले, तेल सोडलं, बॉनेट लावण्याआधी स्क्रू-ड्रायव्हरनं लॉक मिटून-उघडून बघितलं. मी अक्काला म्हटलं, तुझ्या पूजेनं गाडी अडली बघ.

"अडू दे," ती म्हणाली. "कुठं जायाचंय?"

दाजींचा हात थांबला. मग पाणी, पट्टी, सगळं त्यांनी एवढ्या भराभर उरकलं की मी बघतच राहिले.

वाटेत उसाच्या ट्रॉल्या, पाटाच्या पाण्यावर सांडलेलं ऊन, आणि माझ्या खांद्यावर झोपलेली अक्का. दारात गाडी थांबली तेव्हा तिनं डोळे उघडले, उंबऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आईनं चूल पेटवली न्हाई का अजून?" दाजी तोंड फिरवून गाडीची काच पुसत राहिले. स्वच्छच होती ती.

संध्याकाळी निघताना त्यांनी तिला चल म्हटलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी नवा जावई म्हणतो तसं म्हणाले, "ऱ्हा चार दिस. मी न्यायला येतो." अक्का लाजली. या वयात, खरंच लाजली.

नंतर ते दर आठवड्याला यायचे, तिच्याजवळ बसून चहा घ्यायचे. ती म्हणायची, आणखी चार दिवस. ते म्हणायचे, बरं. उन्हाळा संपता संपता ते गेले, झोपेतच. मी अक्काला सांगितलं, ती रडली, आणि दुसऱ्या दिवशी विसरली. पुन्हा सांगणं मला जमलं नाही.

आता रोज दुपार कलली की ती फणी घेऊन माझ्यापुढे येऊन बसते. "वेणी घाल," म्हणते, "आज ते न्यायला यायचेत." मी तिच्या विरळ केसांना तेल लावते, गुंता सोडवते आणि वेणी घालते.