डाव्या अंगाला

मन्नाएखेळ्ळीत माझ्या भावाबद्दल, गुरुशांतप्पाबद्दल, कुणालाही विचारा. सडकेवरच्या आमच्या खानावळीतून ट्रकवाला असो की तलाठी, कुणी अर्धपोटी उठत नसे, असंच सगळे सांगतील. "अजून एक भाकरी घ्या की," म्हणत गुरू ताटात टाकूनच मोकळा व्हायचा. पण त्याला असं वाढायला कुणी शिकवलं, हे कुणी सांगणार नाही. मी शिकवलं. मी महादेवी, त्याची थोरली बहीण. नवरा गेला आणि एकोणिसाव्या वर्षी मी माहेरी परत आले, तेव्हा गुरू दहा वर्षांचा होता आणि आई नव्हती. त्याला न्हाऊमाखू मी घातलं. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि उजव्या हाताने त्याला विभूती लावायची, ही आम्हा लिंगायतांची रोजची पूजाही त्याला मीच शिकवली.

मग करजगीची निलम्मा त्याची बायको होऊन आली. तिच्यात काही खोट नव्हती आणि तेच मला खुपायचं. पूर्वी गुरू अंगणातूनच "अक्का" म्हणून हाक मारत यायचा. महिन्याभरात त्या हाकेची "निलम्मा" झाली. हुमनाबादच्या जत्रेतून तो दोघींना सारखंच लुगडं आणायचा, पण रंग तिला विचारून. एवढ्याशा गोष्टीवरून मी दोन दोन दिवस धुमसत असे. लोक म्हणत, अक्काचं मन देवाधर्मात आहे, म्हणून ती कमी बोलते.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात माळवदावर नवी माती टाकताना गुरूचा पाय घसरला. खाली अंगणातल्या दगडावर त्याच्या डोक्याची उजवी बाजू आपटली. खानावळ बंद ठेवून चालणार नव्हतं, म्हणून निलम्मा घरी राहिली आणि सोलापूरच्या दवाखान्यात त्याच्याबरोबर मी गेले. तीन आठवडे तो फक्त माझा होता. असं म्हणू नये, पण होता.

निघताना डॉक्टरांनी मला समोर बसवलं. "त्याचे डोळे चांगले आहेत," ते म्हणाले. "पण मेंदूला उजवीकडे मार बसलाय, त्यामुळे डावीकडचं जग त्याच्या ध्यानातच येत नाही. स्वतःचा डावा हातही त्याला परका वाटेल. सदरा घालायचा, रुमाल बांधायचा, तर आधी काय आणि मग काय, हे हातांना सुचणार नाही. त्याला वेडा समजू नका. दाखवायचं ते उजवीकडे आणा आणि हळूहळू डावीकडे वळायला शिकवा. घरात सगळ्यांना सांगा."

मी मान डोलावली.

सांगणारच होते. घरी आल्यावर गुरूला सोप्यात बाजेवर निजवलं. निलम्मा धावत आली आणि रीतीप्रमाणे नवऱ्याच्या डाव्या अंगाला बसून रडायला लागली. मी उजवीकडे होते. गुरूने तिच्याकडे बघितलंच नाही. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "अक्का, पाणी दे." लग्न झाल्यापासून अकरा वर्षांत त्याने माझ्याकडे पाणी मागितलं नव्हतं. मी पाणी दिलं आणि डॉक्टरांचं बोलणं पोटातच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी निलम्माने त्याच्या गळ्यातलं लिंग काढलं, नमस्कार केला आणि त्याच्या डाव्या तळहातावर ठेवलं. गुरू उजव्या हाताने बाजेवर चाचपडायला लागला. "माझं लिंग कुठं हाय? अक्का, लिंग नेलं कुणी तरी!" आमच्यात लिंग हरवणं म्हणजे जीव गेल्यासारखं.

"तुमच्याच हातात हाय की," निलम्मा कळवळून म्हणाली. "मी कशाला नेऊ?"

मी शांतपणे उठले, त्याचं डावं मनगट धरलं आणि हात उजवीकडे त्याच्या डोळ्यांसमोर आणला. "हे काय, हाय की."

"अक्का हाय म्हणून बरं," गुरू म्हणाला. त्या दिवसापासून त्याची पूजा माझ्या हाताने व्हायला लागली. शेजारची पार्वतम्मा गावभर माझं कौतुक करत हिंडली. मला ते गोड लागत होतं, खोटं कशाला बोलू?

निलम्माचा आवाज आला की तो उजवीकडे वळायचा आणि उत्तर मला द्यायचा. तिने वाढलेल्या भाकरीचा उजवा अर्धा भाग खायचा, डावा तसाच टाकायचा आणि उपाशी आहे म्हणायचा. मी नुसतं ताट फिरवलं की उरलेली भाकरी संपवायचा. तिला वाटायचं, माझ्या हातचं आता त्यांना नको झालंय. एकदा ती सहज वळसा घालून उजवीकडे यायला लागली, तर मी म्हणाले, "बायकोनं डाव्या अंगाला बसावं, निलम्मा. असल्या वेळेला तर रीत जास्तच पाळावी." ती निमूट परत गेली.

पण मी ज्यासाठी हे करत होते, ते काही मला मिळत नव्हतं. ती खानावळीत गेली की गुरू रोज विचारायचा, "अक्का, निलम्माचा आवाज येतो, पण ती जवळ येत न्हाई कामून?"

"कामात हाय," मी सांगायची. दिवसभर त्याच्या डोळ्यांसमोर मी, आणि विचारायचा तिच्याबद्दल! असा संताप यायचा की वाटे, ताट आपटावं.

दिवाळीच्या आधी एकदा निलम्मा त्याला सदरा घालत होती. उजवा हात बाहीत गेला होता, डावी बाही लोंबत होती. तिने त्याचा डावा हात आपल्या हातात घेतला. गुरूच्या उजव्या बोटांना तो डावा हात कसाबसा लागला असेल, गुरू दचकून मला म्हणाला, "अक्का, हा कुणाचा हात हाय? काढ तो हितनं."

त्याला त्याचाच हात परका वाटला होता. निलम्माला वाटलं, तो तिचा हात झिडकारतोय. मला खरं काय ते माहीत होतं. मी पुढे होऊन ती बाही तेवढी चढवली.

आठवड्याने तिचा भाऊ काशप्पा आला. "अक्का, दाजीला हिचं तोंड बघू वाटत न्हाई म्हणं," तो म्हणाला. "मग हिला घेऊन जातो मी."

निलम्माने गाठोडं बांधलं होतं. जाताना मला म्हणाली, "त्यास्नी ताकासंगं कारळाची चटणी लागती. सकाळी देत जावा." मी त्याला लहानाचा मोठा केला आणि मला हे माहीत नव्हतं.

ती डावीकडून त्याच्या पायांवर वाकली आणि तिला हुंदका फुटला.

"कोण रडायलंय?" गुरूने मला विचारलं. "निलम्मा हाय व्हय? अक्का, तिला बोलाव की. किती दिस झाले तिला बघून."

"मी हितंच हाय की!" निलम्मा ओरडली. तो उजवीकडे, माझ्याकडेच बघत राहिला. काशप्पाही माझ्याकडेच बघत होता.

मी उठले. निलम्माचा दंड धरून तिला बाजेला वळसा घालून आणलं आणि माझ्या जागेवर बसवलं. गुरूचा चेहरा उजळला. "आलीस व्हय? माहेरी गेलतीस?" म्हणत त्याने उजव्या हाताने तिचं तोंड चाचपलं.

मग निलम्माने वळून मला विचारलं, "तुमाला ठावं होतं?"

"व्हय," मी म्हणाले. डॉक्टर काय बोलले तेही सगळं सांगितलं. ती मला वाईट शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दोन वर्षांत तिने त्याला डावा हात शोधायला शिकवलं, सदरा घालायला शिकवलं. तिने "डावीकडं बघा" म्हटलं की तो मान वळवायचा. तो पुन्हा खानावळीत वाढायला उभा राहिला. उजव्या पंगतीला तो आग्रह करायचा, डाव्या पंगतीला ती वाढायची. गिऱ्हाइकंही मुद्दाम उजवीकडे बसत.

आणि मी? त्या दिवसापासून मी हट्टाने त्याच्या डाव्या अंगाला जाऊन बसले, तोंडातून शब्द न काढता. मी तिथे असताना ती त्याला "डावीकडं बघा" असं कधी म्हणाली नाही, आणि तसं म्हण, असं मीही तिला सांगितलं नाही. निलम्मा दिसेना तेव्हा त्याने रोज विचारलं होतं. मी दिसेनाशी झाल्यावर विचारील, आज नाही तर उद्या विचारील, म्हणून मी वाट बघत राहिले. त्यानंतर गुरू अकरा वर्षं जगला. अक्का कुठं गेली, असं त्याने एकदाही विचारलं नाही.