जाहिरातींच्या फटीतला समालोचक

डब्लिनमधल्या सँडीफोर्डच्या ऑफिसात गौरव परचुरे दिवसभरात फारसं बोलत नसे. मीटिंगमध्येसुद्धा माइक बंद ठेवून नुसती मान डोलवायचा. आठवडाभराचं सगळं बोलणं तो रविवार सकाळसाठी राखून ठेवी. रविवारी त्याच शहरातल्या टॅला भागात, एका गालिच्यांच्या दुकानाच्या वर, लोकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या चिमुकल्या रेडिओ स्टेशनात, तो क्रिकेटचा समालोचक असे. निदान तो तसं सांगत असे.

खरं समालोचन यायचं ऑस्ट्रेलियातून, तिकडच्या एका क्रीडा रेडिओकडून. तिथे संध्याकाळची मॅच रंगात यायची, तेव्हा डब्लिनमध्ये लोक टोस्टला लोणी लावत असायचे. इंटरनेटवरून आलेला आवाज गौरवनं पुढे ट्रान्समीटरकडे सोडायचा. त्याला टेबलावरचा एक सरकता खटका पुरत असे. एवढ्या कामासाठी तो इस्त्रीचा शर्ट घालून, देवाला नमस्कार करून आणि घशासाठी खडीसाखर तोंडात टाकून घरातून निघे.

घोळ होता तो जाहिरातींचा. तिकडे दोन-चार ओव्हर झाल्या, की सट्ट्याची जाहिरात यायची. पुढची विकेट कुणाची, लावा पैसे! शेवटी कुणीतरी एका श्वासात "जबाबदारीनं खेळा" म्हणून पळून जायचा. जेवून हात धुतल्यावर नैवेद्याची आठवण यावी आणि घाईघाईत हात जोडावेत, तसं.

स्टेशनची मॅनेजर नोरा ह्या बाबतीत कडक होती. तिनं पहिल्याच दिवशी गौरवला बजावलं होतं, "सकाळी मुलं ऐकत असतात. सट्ट्याचा एक शब्द जरी हवेत गेला, तर तुझा कार्यक्रम बंद. आपला नियमच आहे, आणि सरकारही कायदा करतंय. बाकीच्या साध्या जाहिराती मात्र जशाच्या तशा सोडायच्या. त्यांच्याशी करार आहे."

त्याची सोयही होती. सट्ट्यासारखी, काही ठिकाणी बंदी असलेली जाहिरात येण्याआधी तिकडून एक बारीक टिंग येई. इकडे स्टेशनात आवाज काही सेकंद थांबवून मग हवेत सोडत, म्हणून खटका खाली ओढायला वेळ मिळे. पण रेडिओवर शांतता चालत नाही. ती फट भरणार कशानं?

"मी बोलू?" गौरवनं विचारलं.

"ग्रँड," नोरा आयरिश लोकांचं 'चालेल' म्हणाली. "पण थोडक्यात."

आणि परचुऱ्यांचं नशीब उघडलं. टिंग झालं की गौरव माइकवर झेप घेई. "नमस्कार श्रोतेहो! चेंडू आत आला, फलंदाज बाहेर गेला. संसारात तरी दुसरं काय होतं?" मग मैदान, गवत, दव, आपल्या लहानपणीची टेनिस बॉलची मॅच आणि शेवटी हमखास, जुगारानं घरं कशी बुडतात त्यावर दोन शब्द. सगळं मराठीत. सट्टेवाले जितके माजत, तितका गौरव जुगाराविरुद्ध जास्त बोले. लांबच्या स्लायगो गावातल्या हॉस्पिटलातला एक मराठी डॉक्टर रात्रपाळी संपवून हे इंटरनेटवर ऐकायचा. "तुझा आवाज लागला की छान झोप लागते रे," असं तो एकदा म्हणाला. गौरवनं ती शाबासकी चार घरी सांगितली.

शनिवारी पद्मजावहिनींकडे टॅलातल्या मराठी मंडळींचं भजन असे. गौरवची बायको उल्का तिथे पेटी वाजवी. एका शनिवारी आरती झाल्यावर वहिनींनी विषय काढला. "आपले गौरवराव दर रविवारी जीव तोडून सांगतात, आणि आपण नुसतं ऐकतो. त्या ऑस्ट्रेलियातल्या रेडिओवाल्यांना आपण सगळ्यांनी मिळून पत्र का लिहू नये? क्रिकेटच्या वेळी सट्ट्याच्या जाहिराती नकोत म्हणून."

टाळ्या पडल्या. उल्का घरात नवऱ्याला अरे म्हणे आणि भजनात अहो. "अहो, तुम्हीच लिहा ना," ती म्हणाली. "तुमच्याइतकं कळकळीनं कुणाला जमणार?"

गौरवचा प्रसादाचा हात तोंडाशी थांबला. जाहिराती गेल्या, की फटी गेल्या. फटी गेल्या, की तोही गेला. पण हे बोलणार कुणापाशी, आणि तेही देवासमोर? मग त्याच्या मनानं त्याला धीर दिला. केवढी ती कंपनी! टॅलाच्या भजनी मंडळाचं कोण ऐकतंय? तेव्हा लिहायचंच तर झकास लिहू. त्यानं असं खणखणीत पत्र लिहिलं, की पद्मजावहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. मंडळातल्या झाडून सगळ्यांनी सह्या केल्या. हौसेनं पहिली सही गौरवचीच.

देवाला थट्टा करायची लहर आली, की तो प्रार्थना लगेच ऐकतो.

तिकडून उत्तर आलं. त्यांच्याकडचे श्रोतेही ह्या जाहिरातींना विटलेच होते, विचार चालूच होता, त्यात हे सुंदर पत्र मिळालं आणि ते बैठकीत मोठ्यानं वाचण्यात आलं. यापुढे मॅच चालू असताना सट्ट्याची जाहिरात लागणार नाही. आभार.

उल्कानं शिरा केला. सगळ्यांनी गौरवचं अभिनंदन केलं. त्याच्या घशात शिरा अडकला, तर वहिनी म्हणाल्या, "भरून आलंय हो त्यांना."

पुढच्या रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून खटक्यापाशी बसला. टिंग झालंच नाही. तळलेल्या कोंबडीची जाहिरात आली, गादीची आली, टायरची आली. करारानं त्या सोडाव्याच लागत होत्या. फलंदाज आले, गेले, मॅच संपली. गौरव घसा खाकरून पुढे सरकला.

"नोरा, शेवटी पाच मिनिटं विश्लेषण केलं तर?"

"शेवटी हवामान असतं." नोरा खुशीत होती. "किती सुरळीत झालं आज! उगाच कशाला रविवार घालवतोस? आता हे कॉम्प्युटर एकटा करेल."

"नको, नको, येईन मी," गौरव घाईनं म्हणाला. "माणसाचं लक्ष असलेलं बरं."

असे बरेच रविवार तो लक्ष ठेवत बसला. ऑफिसात गप्प, स्टेशनात गप्प. घरी मात्र भाजी चिरणाऱ्या उल्काला तो कोबीच्या पोताबद्दल इतकं सांगू लागला, की तिनं एकदा सुरी खाली ठेवून कपाळाला हात लावला.

आणि मग एका सकाळी गादीच्या जाहिरातीनंतर टिंग झालं. बाटली फसफसली. बिअर! स्टेशनच्या नियमात सकाळी दारूही बसत नव्हती. जन्मात थेंबाला न शिवलेल्या गौरवनं दिवाळीचा फटाका वाजावा तसा खटका ओढला. "नमस्कार श्रोतेहो! कुठे होतो आपण?"

दुपारी तो शीळ वाजवतच घरी आला. उल्का फोनपाशी उभी होती.

"गौरव, अरे, ऐकलं आम्ही. दारूवर काय सुंदर बोललास! पद्मजावहिनी म्हणताहेत, लगेच दुसरं पत्र लिहू या. पहिलं कसं लागू पडलं!"

शीळ थांबली. "अगं, सगळंच एकदम बंद करू नये. कुणाच्या तरी पोटावर पाय येतो."

"कुणाच्या?"

"हिज," सोफ्यावरून त्यांची लेक शर्वाणी बापाकडे बोट करून आयरिश थाटात म्हणाली. तिनं मोबाइलमधून डोकंही वर काढलं नाही.

उल्कानं नवऱ्याकडे पाहिलं. शर्टाची इस्त्री अजून कडक होती, पण चेहरा पार चुरगळला होता. तिनं फोन कानाला लावला.

"वहिनी, पत्र लिहायचंच आहे हो. पण असं कधीही नको. चातुर्मासात लिहू या, चांगला काळ असतो. ह्यांना विचारलंय मी, तोवर तिकडचा क्रिकेटचा सीझनही संपलेला असेल, त्यांना वाचायला फुरसत मिळेल."